मधोमध अडवलेला बेसेल झोत पुन्हा कसा जुळतो: टेबलावर लावायचे दोन प्रयोग

लेझरच्या झोतात बरोबर मध्यावर काळा ठिपका ठेवायचा आणि थोडं पुढे तोच मधला तेजस्वी बिंदू पुन्हा उगवतो हे दाखवायचं, एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. मला ते अर्धवट वाटतं. माझ्याकडे प्रकाशिकीच्या प्रयोगाला येणाऱ्या मुलांना मी लगेच उलटा प्रयोगही करायला लावतो: मध्य मोकळा ठेवा आणि कडेचा प्रकाश अडवा. पहिल्या प्रयोगात मधला बिंदू ज्या अंतरावर परत येतो, दुसऱ्यात तो त्याच अंतरावर नाहीसा होतो. दोन्ही एकाच बैठकीत पाहिले की 'स्वतःला बरा करणारा प्रकाश' या शब्दांभोवतीचं गूढ आपोआप विरतं. पुढची सगळी मांडणी या जोडीसाठी आहे.

लागणारा झोत म्हणजे बेसेल झोत. मध्ये बारीक तेजस्वी गाभा आणि भोवती एकाबाहेर एक अशी वलयं. १९८७ साली डर्निन, मिसेली आणि एबर्ली यांनी तो प्रयोगात करून दाखवला. त्यांनी गोल चीर आणि भिंग वापरलं होतं. आपण अ‍ॅक्सिकॉन वापरू. हे नाव मॅकलाऊड यांनी १९५४ मध्ये रूढ केलं. अ‍ॅक्सिकॉन म्हणजे एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने अगदी चपट्या शंकूसारखी घासलेली काच. समांतर झोत त्यातून गेला की चहूबाजूंचे किरण एकाच कोनात अक्षाकडे झुकतात, अक्षावर एकमेकांत मिसळतात आणि ओलांडून पलीकडे जातात. जिथे ते मिसळतात तिथे व्यतिकरणातून, म्हणजे लाटा एकमेकींना कुठे वाढवतात तर कुठे पुसतात त्यातून, गाभा आणि वलयं तयार होतात.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. गाभा नावाची कुठलीही वस्तू अक्षावरून सरळ पुढे प्रवास करत नसते. अक्षावरचा प्रत्येक बिंदू मूळ झोताच्या वेगळ्या वलयाकडून प्रकाश घेतो. अ‍ॅक्सिकॉनजवळच्या बिंदूंना झोताच्या आतल्या भागाचा प्रकाश मिळतो, लांबच्या बिंदूंना बाहेरच्या भागाचा.

आधी कागदावर आकडे मांडा

उपकरणं टेबलावर ठेवण्याआधी हिशोब करायचा, हा माझा हट्ट आहे. अ‍ॅक्सिकॉन १ अंशाचा घेतला (शंकूचा उतार सपाट बाजूशी १ अंश), काच बीके-७, लेझर ६३२.८ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन. या तरंगलांबीला काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५१५. किरण वळण्याचा कोन म्हणजे अपवर्तनांकातून एक वजा करून येणारी संख्या गुणिले शंकूचा कोन: ०.५१५ अंश, म्हणजे ०.००९ रेडियन. यापुढे प्रत्येक आकडा या ०.००९ मधूनच निघतो.

गाभ्याची त्रिज्या, म्हणजे मध्यापासून पहिल्या काळ्या वलयापर्यंतचं अंतर, ०.३८३ गुणिले तरंगलांबी भागिले हा कोन. उत्तर येतं सुमारे २७ मायक्रोमीटर. शेजारच्या दोन वलयांमधलं अंतर साधारण ३५ मायक्रोमीटर. झोताची त्रिज्या २.५ मिमी असेल तर बेसेल झोत टिकतो २.५ भागिले ०.००९, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर. याच्या शेजारी हाही आकडा लिहा: साधा गॉसियन झोत (लेझरचा नेहमीचा, मध्यात तेजस्वी आणि कडेला मावळत जाणारा) २७ मायक्रोमीटर त्रिज्येवर केंद्रित केला तर तो साडेतीन मिलिमीटर पुढे जाईपर्यंतच फुगायला लागतो.

अडथळ्यामागची सावली किती लांब? अडथळ्याची त्रिज्या भागिले तोच कोन. १ मिमी व्यासाचा ठिपका घेतला तर ०.५ भागिले ०.००९, साधारण ५६ मिमी.

ठिपका याहून लहान का नको, याचं कारण कॅमेऱ्यात आहे. सी-माउंट (भिंग फिरवून काढता येणाऱ्या) कॅमेऱ्याचा सेन्सर तोंडापासून १७.५ मिमी आत असतो. ०.४ मिमीचा ठिपका घेतला तर सावली २२ मिमीतच संपते, आणि कॅमेरा काचेला टेकवूनही तुम्हाला तिचा शेवटचा तुकडा तेवढा दिसतो. वर काहीच अडवलं गेलं नाही असं वाटतं, ते वेगळंच.

झोत बसवणं

१ ते २ मिलिवॉटचा लेझर पुरतो. गाभ्याकडे कधीही थेट पाहायचं नाही. कागदाचा तुकडा किंवा कॅमेरा, दोनच मार्ग. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा. खुर्चीवर बसलं की टेबलावरचा झोत नेमका डोळ्यांच्या उंचीला येतो, म्हणून जुळवाजुळव उभं राहून करा.

लेझरपुढे दोन आरसे, त्यानंतर रुळावर एकाच उंचीच्या दोन आयरिस (छिद्र लहान-मोठं करता येणाऱ्या चकत्या). पहिल्या आरशाने जवळच्या आयरिसच्या छिद्रात झोत आणायचा, दुसऱ्याने लांबच्या. दोन्ही छिद्रांतून झोत एकाच वेळी जाईपर्यंत आलटून पालटून हे करत राहायचं. यात कंटाळा केला तर पुढे प्रत्येक पायरीवर त्याची वसुली होते.

मग झोत रुंद करायचा. लेझरमधून तो जेमतेम ०.८ मिमीचा निघतो. दहापटीचं ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाचं भिंग), त्याच्या केंद्रावर पिनहोल (अगदी बारीक छिद्र), आणि पुढे १०० मिमी केंद्रांतराचं भिंग लावलं की समांतर झोत साधारण ५ मिमीचा होतो. पिनहोल वगळू नका. धुळीमुळे उठणारी वेडीवाकडी वलयं बेसेलच्या वलयांत मिसळली की नंतर ती वेगळी काढता येत नाहीत. झोत खरोखर समांतर झाला का, हे भिंगाजवळचा आणि चार-पाच मीटरवरचा व्यास ताडून पाहा.

आता अ‍ॅक्सिकॉन. सपाट बाजू लेझरकडे, टोक पुढे. सपाट बाजूवरून मागे परतणारा ठिपका पुन्हा पिनहोलवर पडेपर्यंत तिरपेपणा काढा. तिरपा राहिलेला अ‍ॅक्सिकॉन लगेच ओळखू येतो: वलयं गोल राहत नाहीत आणि गाभ्याच्या जागी चार टोकांची, चौकटीसारखी नक्षी दिसते. मध्य साधण्यासाठी मी कॅमेऱ्याकडे बघतच नाही. दोन मीटरवर कागद धरतो. तिथे बेसेल झोत कधीच संपलेला असतो आणि उरतं ते सुमारे ३६ मिमी व्यासाचं प्रकाशाचं एक कडं. कडं सगळीकडे सारखं उजळ होईपर्यंत अ‍ॅक्सिकॉन आडवा-उभा सरकवायचा. एक बाजू जाड आणि भडक, समोरची बारीक आणि फिकी असेल तर मध्य चुकलाय. डोळ्याला हा फरक इतका चटकन दिसतो की सॉफ्टवेअर हवं कशाला?

कॅमेऱ्याचं भिंग काढून नुसता सेन्सर रुळावर बसवा. गाभ्याचा व्यास ५४ मायक्रोमीटर आहे. ३ ते ५ मायक्रोमीटरच्या पिक्सेलवर तो दहा ते अठरा पिक्सेल व्यापतो, म्हणजे वाढवून बघायची गरज नाही. समोर एनडी फिल्टर (प्रकाश सरसकट मंद करणारी काच) लावा आणि गाभ्याचा सगळ्यात उजळ पिक्सेल कमाल मर्यादेच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास येईल असा एक्स्पोजर ठेवा. मग एक तपासणी करा, ती मी कधी सोडत नाही. गाभ्याची तीव्रता १०० धरली तर पहिल्या वलयाची १६ आणि दुसऱ्याची ९ यायला हवी. पहिलं वलय ३० दाखवत असेल तर गाभा संपृक्त झालाय (पिक्सेलची मोजण्याची मर्यादा ओलांडलीय) किंवा अंधारातलं चित्र वजा करायचं राहिलंय. वलयं टोकाजवळच्या पहिल्या काही मिलिमीटरांत नीट दिसत नाहीत. कोणत्याही खऱ्या अ‍ॅक्सिकॉनचं टोक थोडं बोथट असतं, आणि तिथला प्रकाश भलतीकडे जाऊन अक्षावर चढउतार उठवतो. तो भाग सोडून द्या. झोत सगळ्यात तेजस्वी असतो तो मधल्या टप्प्यात, आपल्या मांडणीत १४० मिमीच्या आसपास. आणखी एक: कॅमेरा मागे नेताना गाभा हळूहळू मोठा होत असेल तर झोत समांतर नाही, भिंगाकडे परत जा.

पहिला प्रयोग: मध्य अडवा

स्वच्छ काचपट्टीवर काळ्या ऑइल पेंटचा १ मिमीचा गोल ठिपका द्या. टाचणीच्या डोक्याने दिला तर बऱ्यापैकी गोल येतो. मार्कर चालत नाही, लेझर त्यातून आरपार जातो. ठिपका उजेडासमोर धरून भिंगातून पाहा. कुठेही पोपडा किंवा छिद्र नको.

काचपट्टी टोकापासून १०० मिमीवर, आडव्या-उभ्या सरकणाऱ्या स्टेजवर बसवा. तुलनेसाठीची चित्रं आधी घ्या, आणि तीही काचपट्टी जागेवर ठेवूनच: ठिपका झोताच्या पूर्ण बाहेर सरकवा, काच मात्र झोतातच राहू द्या. आता ठिपका मध्यावर आणा आणि कॅमेरा त्याच्या शक्य तितक्या जवळून सुरू करून मागे न्या.

सुरुवातीला मधोमध काळं वर्तुळ आणि बाहेर वलयांचे तुकडे. मागे जाताना वर्तुळ आक्रसत जातं. काचपट्टीपासून ५६ मिमीच्या आसपास मध्यावर गाभा उमटतो. पुढचा भाग घाईने उरकू नका. गाभ्यानंतर पहिलं वलय भरतं, मग दुसरं, मग तिसरं, आतून बाहेर. आणखी २० मिमी मागे गेलात की मधली साधारण पाच वलयं जशीच्या तशी झालेली असतात आणि त्यांच्या बाहेरचा भाग अजून फाटलेलाच असतो. एखाद्या बिंदूवर पूर्ण नक्षी उमटायला त्याच्यापर्यंत चारी दिशांचे किरण पोचावे लागतात, आणि अक्षाच्या पलीकडून येणारे किरण तिथे सगळ्यात उशिरा पोचतात. सावली सरत जाते ती म्हणून मध्यापासून. शिवाय गणित भूमितीचं असलं तरी प्रकाश लाटांचा आहे, तेव्हा ५६ वर कुणी रेघ मारल्यासारखा बदल होत नाही. आधी थोडी चलबिचल दिसते, मग चित्र स्थिरावतं.

हे सगळं दिसत असताना पॉवर मीटर लावून बघा, मजा येते. १ मिमीचा ठिपका अ‍ॅक्सिकॉनच्या आधी, रुंद झोतात ठेवला तर तो जेमतेम ८ टक्के शक्ती खातो. तोच ठिपका अ‍ॅक्सिकॉननंतर १०० मिमीवर सुमारे ४० टक्के खातो, कारण तिथे प्रकाश मध्याकडे गोळा झालेला असतो. हे ४० टक्के परत येत नाहीत. परत येतो तो आकार. त्यातही १५६ मिमीपुढच्या अक्षाला लागणारा प्रकाश ठिपक्याच्या बाहेरून येणार होता, म्हणून तिथल्या गाभ्याची तीव्रता जवळपास न अडवलेल्या झोताइतकीच भरते. एकूण शक्तीतली घट आणि गाभ्याची शाबूत तीव्रता वहीत शेजारी शेजारी लिहा.

दुसरा प्रयोग: कड अडवा

काचपट्टी काढा आणि बरोबर त्याच जागी, १०० मिमीवर, १ मिमीपर्यंत मिटलेला आयरिस ठेवा. म्हणजे आधी जे अडवलं होतं तेच आता मोकळं, आणि जे मोकळं होतं ते अडलेलं. गाभा आणि भोवतालची बरीच वलयं छिद्रातून निघतात. जवळून बघणाऱ्याला वाटतं, झोताचा महत्त्वाचा भाग तर वाचला.

कॅमेरा मागे न्या. गाभा काही काळ तसाच राहतो, बाहेरून आत एकेक वलय गळत जातं, आणि ५६ मिमीच्या सुमारास गाभाही कोसळतो. तिथून पुढे मध्य काळवंडतो आणि प्रकाश कड्याच्या रूपात बाहेर पसरतो. पहिल्या प्रयोगात गाभा ज्या ठिकाणी जन्मला, तिथेच या प्रयोगात तो मेला. कारण ५६ मिमीपुढच्या अक्षाचा सगळा प्रकाश १०० मिमीच्या पातळीवर ०.५ मिमीबाहेरच्या भागात होता, आणि तोच आपण कापला.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. बेसेल झोतात प्रत्येक वलयात साधारण गाभ्याइतकीच शक्ती असते. आपल्या मांडणीत मधल्या टप्प्यावर अशी पस्तीसेक वलयं मिळतात, म्हणजे गाभ्याच्या वाट्याला तीन टक्क्यांच्या आसपास. अंधुक दिसणारी ही वलयं फुकट गेलेला प्रकाश समजून कुणी 'साफ' करायला जाऊ नये.

पॉइसाँचा ठिपका आणि इतर चकवे

गोल अपारदर्शक अडथळ्यामागे सावलीच्या मध्यावर तेजस्वी बिंदू येतो, तो कोणत्याही साध्या समांतर झोतात येतो. फ्रेनेलच्या तरंगसिद्धांतातून असा बिंदू निघतो हे पॉइसाँने तो सिद्धांत खोडण्यासाठी दाखवलं, आणि अरागोने प्रयोग केल्यावर बिंदू खरंच दिसला. हा १८१८-१९ चा किस्सा आहे. तुमच्या सावलीतही ५६ मिमीच्या आत असा फिका बिंदू दिसू शकतो. त्याला पुनर्रचना समजू नका. ओळखायची खूण सोपी: काचपट्टी ०.१ मिमी आडवी सरकवा. पॉइसाँचा बिंदू ठिपक्यासोबत सरकतो. बेसेलचा गाभा अ‍ॅक्सिकॉनच्या अक्षावर ठाम राहतो. अ‍ॅक्सिकॉन काढून नुसत्या समांतर झोतातही एकदा हे करून ठेवा. तुमचा निष्कर्ष कुणी तपासायला घेतला तर पहिला प्रश्न तोच येतो.

ठिपक्याऐवजी तार वापरू नका. गोल अडथळ्याची सावली संपते, झोताच्या आरपार ताणलेल्या तारेची पूर्ण संपत नाही. तारेच्या दिशेने येणारे किरण कितीही पुढे गेलं तरी तिच्यामागेच असतात, फक्त त्यांचा हिस्सा कमी कमी होत जातो. चित्रात दोन पंखांसारख्या रेघा राहतात.

वेळ उरला तर ठिपका मध्यापासून १ मिमी बाजूला नेऊन ठेवा. लगेच मागे गाभ्याला काहीच होत नाही. त्याला सगळ्यात मोठा फटका बसतो तो ११० मिमीच्या आसपास, जिथे बाजूने निघालेल्या सावलीचा मध्य अक्षापर्यंत पोचतो. गाभा तिथे थोडा मंद होतो आणि वलयांचा तोल बिघडतो. मुलांना मी आधी विचारतो की बिघाड कुठे दिसेल, आणि ती बहुतेक वेळा ठिपक्याच्या जवळ बोट ठेवतात.

'जुळला' हे ठरवायचं कसं

डोळ्यांवर भिस्त ठेवल्याने वाद होतात. प्रत्येक अंतरावरची दोन चित्रं घ्या, अडथळ्याशिवाय आणि अडथळ्यासह. दोन्हींतून अंधाराचं चित्र वजा करा, मग गाभ्याभोवती ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळातल्या पिक्सेलांचा सहसंबंध काढा आणि अंतरासमोर आलेख मांडा. वर्तुळाची त्रिज्या आलेखावर लिहायलाच हवी. ०.१ मिमी घेतली तर झोत लवकर 'बरा' होतो, १ मिमी घेतली तर कधीच पूर्ण होत नाही. त्रिज्या न सांगता '९५ टक्के पुनर्रचना' लिहिलेलं असलं की मी तो आकडा वाचून पुढे जातो.

उपकरणं नसतील तर हेच संगणकावर उत्तम करता येतं. २०४८ गुणिले २०४८ चा जाळीपट, ५ मायक्रोमीटरचा पिक्सेल, गॉसियन झोत, त्यावर त्रिज्येच्या प्रमाणात बदलणारी शंकूची कला (फेज, म्हणजे लाटेची अवस्था), आणि कोनीय वर्णपटाने, म्हणजे झोत वेगवेगळ्या कोनांच्या सपाट लाटांत फोडून, पुढे नेणं. १०० मिमीवर थांबून मधली ०.५ मिमी त्रिज्या शून्य करायची आणि पुढे चालू. कलेचं एक पूर्ण आवर्तन ७० मायक्रोमीटरचं आहे, त्यामुळे ५ चा पिक्सेल सुखाने पुरतो. जाळी मात्र झोताच्या दुप्पट तरी रुंद हवी, नाहीतर एका कडेने बाहेर पडलेला प्रकाश दुसऱ्या कडेने आत येतो आणि खोटी वलयं काढतो. अ‍ॅक्सिकॉनऐवजी एसएलएम (पिक्सेलगणिक प्रकाशाची कला बदलणारा पडदा) असेल तर हीच कला त्यावर चढवा. ८ मायक्रोमीटरच्या पिक्सेलवर एका आवर्तनाला जवळपास नऊ पिक्सेल मिळतात. सोबत तिरपी कला जोडून न वळलेला प्रकाश बाजूला काढा.

पुनर्रचना बेसेल झोताचीच मक्तेदारी नाही. वक्र मार्गाने जाणारे एअरी झोतही बाजूने येणाऱ्या प्रकाशामुळे जुळतात; ते २००७ मध्ये प्रयोगात आले. पण शिकायला सुरुवात बेसेलने करा, कारण त्यात सगळं एका कोनावर मोजता येतं. उपयोगाचं म्हणाल तर २००२ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या गटाने एकाच बेसेल झोताने एकामागे एक ठेवलेल्या वेगवेगळ्या कुप्यांतले सूक्ष्म कण एकाच वेळी पकडून दाखवले: पहिल्या कुपीतल्या कणाने झोत विस्कटला तरी पुढच्या कुपीपर्यंत तो जुळलेला होता. २०१० पासून सूक्ष्मदर्शकातही प्रकाश विखुरणाऱ्या जाड नमुन्यांवर असे झोत वापरले गेले आहेत.

तसं काही करायचं असेल तर अ‍ॅक्सिकॉनचा कोन बदलावा लागेल. ५ अंशाचा घेतला की वळणाचा कोन ०.०४५ रेडियन होतो. त्याच १ मिमी ठिपक्याची सावली ११ मिमीवर येते, गाभ्याची त्रिज्या साडेपाच मायक्रोमीटरच्या आत, पण अख्खा झोत साडेपाच सेंटिमीटरमध्ये संपतो. अडथळा मग टोकापासून २० मिमीवर ठेवायचा, आणि नुसत्या सेन्सरने भागत नाही: रुळावर सरकणारं ऑब्जेक्टिव्ह लावून त्याची प्रतिमा कॅमेऱ्यावर घ्यावी लागते.